दीडशे कोटी इलेक्ट्रॉन आणि तांब्यातलं एक भोक

कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डजवळच्या टेकड्यांखाली तीन किलोमीटरहून लांब अशी सरळसोट तांब्याची नळी बांधली गेली. १९६६ साली ती सुरू झाली. महामार्ग २८० वरून रोज धावणाऱ्या गाड्या तिला वरच्या वर ओलांडून जातात. स्लॅक या प्रयोगशाळेचा हा रेषीय त्वरक, म्हणजे इलेक्ट्रॉनांना सरळ रेषेत पळवत प्रकाशाच्या वेगाच्या अगदी उंबरठ्यापर्यंत नेणारं यंत्र. बाहेरून ती नुसती नळी दिसते. आत मात्र दर साडेतीन सेंटिमीटरला तांब्याची एक चकती आडवी बसवलेली आहे आणि प्रत्येक चकतीच्या मधोमध एक गोल भोक आहे. भोकाची त्रिज्या पुढे पुढे थोडी बदलत जाते. सरासरी धरली तर ११.६ मिलिमीटर. तीन मीटरच्या एका तुकड्यात अशा ऐंशीहून जास्त चकत्या, आणि असे शेकडो तुकडे एकापुढे एक.

चकत्या हव्यातच. गुळगुळीत नळीत रेडिओलहर सोडली तर तिची शिखरं प्रकाशापेक्षाही जास्त वेगानं सरकतात आणि इलेक्ट्रॉन मागे पडतात. कधी त्यांना पुढे रेटा मिळतो, कधी मागे. चकत्या या लहरीला आवर घालतात. २८५६ मेगाहर्ट्झच्या लहरीची शिखरं बरोबर प्रकाशाच्या वेगानं चालू लागतात, इलेक्ट्रॉन शिखराशेजारी टिकून राहतो आणि वाटभर ऊर्जा गोळा करत जातो. पण ज्या चकत्या ऊर्जा मिळवून देतात, त्याच थोडी ऊर्जा काढूनही घेतात. किती काढून घेतात? या साध्या प्रश्नानं भौतिकशास्त्रज्ञांना कित्येक दशकं गुंतवून ठेवलं. त्याचं उत्तर मला त्वरकांच्या सगळ्या शास्त्रातलं सर्वांत सुंदर उत्तर वाटतं.

१४ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन घ्या. त्याची ऊर्जा स्थिर इलेक्ट्रॉनच्या सत्तावीस हजारपट झालेली असते. इतक्या वेगात त्याचं विद्युतक्षेत्र सगळीकडे सारखं पसरलेलं राहत नाही. सापेक्षतेच्या नियमानं ते चेपलं जातं आणि गतीच्या दिशेला काटकोनात एक पातळ पापुद्रा होतो. चकतीच्या भोकाच्या कडेपाशी या पापुद्र्याची जाडी अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही कमी असते. तो घेऊन इलेक्ट्रॉन भोकातून आरपार जातो; पण पापुद्रा भोकापेक्षा रुंद असतो, तांब्याला आपटतो आणि कडेचा भाग कापला जातो. त्या कापल्या गेलेल्या क्षेत्राच्या लहरी होतात, नळीत इकडेतिकडे उसळतात आणि मागून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना अडवतात. या मागे उरलेल्या क्षेत्राला वेकफील्ड म्हणतात. होडीमागे पाणी ढवळत राहतं तसंच हे. एक फरक मात्र मूलभूत आहे. होडीच्या पुढचं पाणीही थोडं हलतं. इथे पुढे काहीच जाऊ शकत नाही, कारण जाणारा स्वतःच जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं चालला आहे. इलेक्ट्रॉन पुंजक्यानं धावतात. पुंजक्याच्या तोंडाशी असलेला इलेक्ट्रॉन जे मागे टाकतो, ते शेपटीकडच्यांना भोगावं लागतं. शेपटीकडचे पुढच्यांचं काहीही बिघडवू शकत नाहीत.

एका बिंदुप्रभाराच्या मागे अमुक अंतरावर किती व्होल्टचा विरोध जाणवेल, याचा आलेख म्हणजे वेक. तोच आलेख वारंवारतांमध्ये उलगडून ओहममध्ये मांडला की झाला इम्पीडन्स. हे रूप पुढे आणलं ते सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतल्या इटालियन शास्त्रज्ञ वित्तोरिओ वाकारो यांनी, १९६६ मध्ये. कणांचा झोत हा एक विद्युतप्रवाह आहे आणि त्याच्याभोवतीची नळी हे एक सर्किट आहे, असं पाहिलं की विजेच्या अभियंत्याची सगळी हत्यारं हाताशी येतात. तेव्हापासून कुठलाही नवा त्वरक बांधताना प्रत्येक जोड, प्रत्येक खाच आणि प्रत्येक भोक आपापल्या इम्पीडन्सचा हिशेब देऊनच आत येतं.

कमी वारंवारतेला हा हिशेब सोपा असतो. दोन चकत्यांमधली पोकळी ठरावीक सुरांवर घुमते; ते सूर मोजायचे, प्रत्येकाची ताकद काढायची, बेरीज करायची. पण आपल्या भोकातून सुमारे १० गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरी पोकळीत अडकून राहत नाहीत. त्या भोकातून वाहत पुढच्या-मागच्या पोकळ्यांत जातात. सूर एकमेकांत मिसळून जातात. आणि पुंजका जितका आखूड, तितक्या वरच्या वारंवारता तो उठवतो. १० मायक्रॉन लांबीचा पुंजका सुमारे ५ टेराहर्ट्झपर्यंत पोहोचतो. ज्या लहरीसाठी नळी बांधली, तिच्या दीड हजारपटीहून वर! तिथे एकेक सूर मोजण्याची पद्धत पार निकामी होते. वेगळा विचार करावा लागतो.

त्या विचाराची किल्ली एका भूमितीत आहे. पुढच्या इलेक्ट्रॉनचं क्षेत्र चकतीच्या कडेला आपटलं आणि तिथून एक लहर अक्षाकडे निघाली. तिला ११.६ मिलिमीटर आत यायचं आहे. तेवढ्यात पुंजका पुढे निघून गेलेला आहे. लहर तिरकी धावते, पुंजका सरळ. १० मायक्रॉन मागे असलेल्या इलेक्ट्रॉनला ती नेमकी कुठे गाठेल? त्रिज्येच्या वर्गाला त्या अंतराच्या दुपटीनं भागलं की उत्तर मिळतं: ६.७ मीटर. म्हणजे जिथे घडलं तिथून दोन अख्खे तुकडे पार करून, जवळजवळ १९० चकत्या मागे टाकल्यावर त्या एका चकतीचा परिणाम अंगावर येतो. मग एका चकतीचा इम्पीडन्स किती, हा प्रश्नच अपुरा ठरतो. पुंजक्याला जे जाणवतं, ते शेदोनशे चकत्यांनी मिळून केलेलं असतं.

इथेच एक खरा पेच उभा राहिला होता. रदरफर्ड प्रयोगशाळेतले जे. डी. लॉसन यांनी १९६८ मध्ये प्रकाशाच्या विवर्तनाचं गणित वापरून एकाच पोकळीचा विचार केला. उत्तर आलं की इम्पीडन्स वारंवारतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. वारंवारता चौपट केली तर तो निम्मा. ही घट फार मंद आहे. सगळ्या वारंवारतांची बेरीज केली तर ती कुठे थांबतच नाही, आणि बिंदुप्रभाराचं नुकसान त्याच्या ऊर्जेच्या वर्गमुळासोबत वाढत जातं. हे खरं असेल तर इलेक्ट्रॉन जितके वेगवान करू तितके ते जास्त गमावत जातील. पण दुसरीकडे, सोव्हिएत शास्त्रज्ञ लेव्ह वाइनश्टाइन यांच्या उघड्या अनुनादकांच्या सिद्धांतावर उभं असलेलं, चकत्यांची लांब रांग धरून केलेलं गणित वेगळंच सांगत होतं. सर्नमधल्या एबरहार्ड काइल यांनी १९७२ मध्ये ते वापरलं. १९८९ मध्ये मेरिलंड विद्यापीठातल्या रॉबर्ट ग्लुकस्टर्न यांनी अनंत रांगेचं गणित स्वच्छ मांडून दाखवलं आणि त्याच सुमारास सॅम्युअल हायफेट्स व सेम्योन खायफेट्स यांचंही तेच उत्तर आलं. रांगेत इम्पीडन्स फार झपाट्यानं उतरतो: वारंवारता चौपट केली तर तो आठवा हिस्सा होतो. त्यामुळे बेरीज थांबते. ऊर्जा कितीही वाढवा, दर मीटरचं नुकसान ठरलेलं राहतं.

दोन्ही उत्तरं बरोबर होती. एकटी पोकळी आणि पोकळ्यांची रांग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या चकतीनं पापुद्र्याची कड कापली की ती परत भरून यायला अंतर लागतं. पुढची चकती साडेतीन सेंटिमीटरवरच असते. तेवढ्यात वरच्या वारंवारतेचा भाग बाहेर पसरूच शकत नाही. तो अजून भोकाच्या आतच असतो. कापायला फारसं काही उरलेलंच नसतं. प्रत्येक चकती तिच्या आधीच्या चकत्यांच्या सावलीत उभी असते. एकट्या चकतीनं जे हिरावून घेतलं असतं, ते तिच्या मागे उभ्या असलेल्या शेकडो बहिणी वाचवतात.

आता ते उत्तर. पुंजका इतका आखूड असेल की वेकचा आलेख अगदी सुरुवातीलाच वाचायचा, इलेक्ट्रॉनच्या पाठीला लागून, तर तिथे किंमत किती? निर्वाताचा इम्पीडन्स ३७७ ओहम, गुणिले प्रकाशाचा वेग, भागिले भोकाचं क्षेत्रफळ. संपलं. चकती किती जाड, पोकळी किती खोल, चकत्या किती अंतरावर, यांतलं काहीही त्यात नाही. आणि आश्चर्य इथेच थांबत नाही. चकत्या काढून टाका आणि तितक्याच त्रिज्येची साधी, रोध असलेल्या धातूची नळी घ्या: किंमत तीच. आतून काचेसारख्या अवाहक पदार्थाचा थर दिलेली नळी घ्या: तीच. बारीक खाचांची घ्या: तीच. तांबं, काच, खाच, चकती, सगळ्यांनी एकच आकडा द्यावा! २०१४ मध्ये स्तानिस्लाव्ह बातुरिन आणि अलेक्सेई कानारेकिन यांनी हे सर्वसाधारण रूपात सिद्ध करून दाखवलं. मागून चिकटून येणाऱ्या इलेक्ट्रॉनला भिंत कशाची आहे हे समजायला वेळच मिळालेला नसतो. भिंत किती दूर आहे, एवढंच त्याला कळतं. भोक गोल नसून दोन सपाट पाट्यांमधली फट असेल तर किंमत सुमारे ६२ टक्के होते. तीही पदार्थाची नाही, फक्त आकाराची गोष्ट.

स्लॅकच्या भोकासाठी ही किंमत भरते एका पिकोकूलोममागे दर मीटरला सुमारे २६७ व्होल्ट. पुढे अंतरासोबत वेक कसा उतरतो, त्यासाठी स्लॅकचे कार्ल बेन यांनी एक आटोपशीर सूत्र बसवलं आणि जपानच्या केईके प्रयोगशाळेतले काओरू योकोया यांच्यासोबत १९९९ मध्ये त्यामागचं वरच्या वारंवारतेचं गणितही पक्कं केलं. चकत्यांची जाडी आणि अंतरं त्या सूत्रात पहिल्यांदा डोकावतात ती उतार किती तीव्र हे ठरवताना. स्लॅकच्या नळीत त्या उताराचं माप दीड मिलिमीटरच्या आसपास आहे.

हे सगळं कागदावर राहिलं नाही. २००९ च्या एप्रिलमध्ये याच नळीच्या शेवटच्या एक किलोमीटरनं एलसीएलएस नावाचा क्ष-किरण लेझर चालवून दाखवला. दीड अँगस्ट्रॉम तरंगलांबी, म्हणजे अणूंमधल्या अंतराइतकी. त्यासाठी २५० पिकोकूलोमचा, म्हणजे दीडशे कोटींहून जास्त इलेक्ट्रॉनांचा पुंजका दाबून काही दशक मायक्रॉनांत कोंबतात. दाबण्यासाठी आधी त्याच्या तोंडाची आणि शेपटीची ऊर्जा मुद्दाम वेगळी ठेवावी लागते: शेपूट जास्त ऊर्जेची, तोंड कमी. वाकड्या वाटेनं नेताना शेपूट जवळची वाट धरते आणि तोंडाला गाठते. पण दाबून झाल्यावर हा फरक नको असतो. लेझरला सगळे इलेक्ट्रॉन सारख्या ऊर्जेचे हवेत. तो फरक पुसतं कोण? वेकफील्डच. हिशेब मांडला तर एवढ्या प्रभाराच्या शेपटीला दर मीटरला साठ हजार व्होल्टच्या आसपास विरोध होतो. अर्ध्या किलोमीटरमध्ये तीन कोटी व्होल्ट! इम्पीडन्सचा आकडा इथे थोडा जरी चुकला असता तरी पुंजका सपाट होऊन बाहेर पडला नसता. ज्या नुकसानाला घाबरून हे गणित सुरू झालं, त्यालाच आराखड्यात कामाला लावलेलं आहे, आणि याची मला फार मोठी गंमत वाटते.

संगणकावर हे सोडवणं ही आणखी एक मोहीम. पुंजका १० मायक्रॉनचा, नळी कित्येक मीटरची. सगळीकडे बारीक जाळी टाकली तर कुठलाही संगणक पुरणार नाही. पण पुढे काहीच जात नाही, हा नियम इथे वरदान ठरतो. पुंजक्याच्या तोंडापुढे क्षेत्र शून्यच असतं आणि त्याच्या फार मागे काय होतं याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. म्हणून पुंजक्याएवढी एक छोटी खिडकी घ्यायची आणि तिच्यासोबत पळत राहायचं. बेन आणि जर्मनीतले थॉमस वाइलंड यांनी ही कल्पना १९८३ मध्ये मांडली. तरी एक खोडा उरतोच. नेहमीच्या जाळीवर प्रकाश अक्षाच्या दिशेनं खऱ्या प्रकाशापेक्षा किंचित हळू चालतो. दोन-चार सेंटिमीटरमध्ये हे खपून जातं, पण मीटरच्या मीटर गेल्यावर लहर मायक्रॉनांनी मागे पडते आणि मायक्रॉन हीच तर पुंजक्याची लांबी! त्याहून विलक्षण म्हणजे, गणितातला इलेक्ट्रॉन जाळीतल्या प्रकाशाला मागे टाकतो आणि पाण्यातल्या वेगवान कणासारखं चेरेन्कोव्ह प्रारण फेकू लागतो. निसर्गात नसलेला हा उजेड फक्त संगणकात जन्मलेला असतो. इगोर झागोरोद्नोव्ह आणि वाइलंड यांनी या शतकाच्या सुरुवातीला अशी रीत बांधली की अक्षाच्या दिशेनं जाळीतला प्रकाश नेमक्या खऱ्या वेगानं चालतो. त्यांच्या इको या आज्ञावलीनं हॅम्बुर्गच्या अतिसंवाहक पोकळ्यांचा वेक काढला. तिथे भोकाची त्रिज्या ३५ मिलिमीटर आहे. २५ मायक्रॉनचा पुंजका धरला तर रांग स्थिरावायला २४ मीटरहून जास्त अंतर लागतं. म्हणजे पोकळ्या बसवलेले बारा-बारा मीटरचे दोनतीन डबे एकामागे एक जोडून हिशेब करायचा, तेव्हा कुठे एका डब्याचा आकडा कळतो.

भिंत कशाची आहे याने फरक पडत नाही, हे फक्त पाठीला लागूनच्या जागेपुरतं खरं. जरा मागे गेलं की धातू आपलं रूप दाखवतो, आणि तेही अनपेक्षित. एलसीएलएसमध्ये क्ष-किरण जिथे निर्माण होतात, त्या चुंबकांच्या रांगेतून जाणारी नळी आतून फक्त ५ मिलिमीटर उंच आहे. तांबं विजेचं उत्तम वाहक, तेव्हा तांबंच योग्य असं कुणालाही वाटेल. बेन आणि गेनादी स्तुपाकोव्ह यांनी हिशेब मांडला तर वेगळंच निघालं. धातूतले इलेक्ट्रॉन दोन टकरींमध्ये जितका वेळ मोकळे धावतात, त्या वेळात प्रकाश तांब्यासाठी सुमारे ८ मायक्रॉन जातो आणि ॲल्युमिनियमसाठी त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. पुंजका स्वतःच १० मायक्रॉनच्या घरातला. म्हणजे तांब्यातल्या इलेक्ट्रॉनांची एक धडक होते न होते तोच पुंजका निघून गेलेला. ओहमचा नियम लागू व्हायलाही फुरसत नाही. या घाईत ॲल्युमिनियम सरस ठरतं. नळी ॲल्युमिनियमची झाली, तीही सपाट.

हे झालं पुढे-मागे रेटण्याचं. पुंजका अक्षापासून किंचित बाजूला असला तर वेक त्याला आडवाही ढकलतो, आणि तिथे भोकाची किंमत आणखी कडक आहे. आडव्या वेकचा सुरुवातीचा चढ त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो: भोक निम्मं करा, चढ सोळापट. २००४ मध्ये पुढच्या मोठ्या रेषीय त्वरकासाठी छोट्या भोकांचा थंड न केलेला तांब्याचा मार्ग आणि मोठ्या भोकांचा अतिसंवाहक मार्ग यांत निवड झाली, तेव्हा मोठं भोक ही दुसऱ्याच्या बाजूची एक भक्कम गोष्ट होती. अर्थात आडवा धक्काही कामाला लावता येतो. २०१५ मध्ये एलसीएलएसमध्ये बारीक खाचांच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बसवल्या, खाचा अर्धा मिलिमीटर खोल आणि अर्ध्याच मिलिमीटरवर. पुंजका एका पट्टीच्या जवळून नेला की शेपूट बाजूला सरते, तोंड जागेवर राहतं. मग पुंजक्याचा कोणता भाग कुठे क्ष-किरण देईल हे ठरवता येतं आणि एकाच पुंजक्यातून थोड्या अंतरानं दोन वेगवेगळ्या रंगांचे झोत काढता येतात.

हॅम्बुर्गजवळच्या युरोपीय एक्सएफईएल या क्ष-किरण लेझरमध्ये आणि स्लॅकमध्ये २०२३ साली सुरू झालेल्या एलसीएलएस-२ मध्ये पोकळ्या नायोबियमच्या आहेत, २ केल्व्हिनला थंड केलेल्या. त्या तापमानाला नायोबियममधले इलेक्ट्रॉन जोड्या करून विनारोध वाहतात. पण सुमारे ७०० गिगाहर्ट्झच्या वरचा फोटॉन या जोड्या तोडू शकतो, आणि आखूड पुंजका तर त्याच्या कितीतरी वरचे फोटॉन मागे टाकत चाललेला असतो, एलसीएलएस-२ मध्ये सेकंदाला दहा लाख वेळांपर्यंत. २ केल्व्हिनवरून एक वॅट उष्णता काढायला बाहेर शेकडो वॅट खर्ची पडतात. म्हणून हॅम्बुर्गच्या गटानं टेराहर्ट्झ लहरींचे वेगळे हिशेब केले: या फोटॉनांना किरणांसारखं धरून, भिंतीवर आपटत आपटत ते कोणत्या डब्यात किती ऊर्जा टाकतील, ते काढलं. दोन डब्यांच्या मधल्या जोडात सिरॅमिकची एक कडी बसवली जाते आणि ती ७० केल्व्हिनच्या थराला जोडलेली असते. भटकणारे टेराहर्ट्झ फोटॉन तिच्यात शोषले जावेत आणि त्यांची उष्णता थंडगार नायोबियमला न लागता तिथूनच बाहेर काढली जावी, एवढंच तिचं काम.